मऊ झाली म्हणे!

रोडस्टरवाल्यांच्या कट्ट्यावर नवी पिढी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: गाडी बिघडवली. माझ्दाच्या एमएक्स-५ ने, म्हणजे अमेरिकेत सगळे जिला मियाटा म्हणतात तिने, हे दर खेपेला ऐकलं आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. १९९८ मध्ये वर उघडणारे दिवे जाऊन साधे दिवे आले, तर जुने मालक हळहळले. २००५ मध्ये तिसरी पिढी चाकावर हाताची मूठ जाईल एवढी फट घेऊन आली आणि ‘लठ्ठ’ हे बिरुद तिला कायमचं चिकटलं. २०१५ मध्ये चौथी आली ती आधीच्या गाडीपेक्षा जवळपास ७० किलोंनी हलकी. लठ्ठ म्हणायची सोयच राहिली नाही. मग तक्रार बदलली. आता म्हणे ती मऊ झाली, वळणावर झुकते.

मी शार्लटला राहते. मुळात मेकॅनिकलची, सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली. दुसऱ्या पिढीची मियाटा बरीच वर्षं चालवली, आता चौथीची चालवते. इथल्या मराठी घरांत मुलं कॉलेजला गेली की एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाला टप उघडणाऱ्या गाडीचे वेध लागतात, आणि बायकोला समजवायच्या आधी तो मला फोन करतो. त्या फोनवर जे सांगत आले तेच इथे लिहिते आहे. निमित्त माझ्या धाकट्या दिराच्या गाडीचं.

त्याने चौथ्या पिढीची ग्रँड टूरिंग घेतली. महिनाभर खूष होता. मग शनिवारी सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींत जाऊ लागला आणि तिथून नवी भाषा शिकून आला. “वहिनी, गाडी नावेसारखी हलते असं सगळे म्हणतात.” मी विचारलं, “तुला काय वाटतं?” तर म्हणाला, “मला आधी नव्हतं वाटत, आता वाटतं.” पुढच्या सगळ्या खर्चाचं मूळ या वाक्यात आहे.

झुकण्याचं शास्त्र समजून घ्यायला इंजिनिअर असावं लागत नाही. वळणावर वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं. किती सरकेल ते गाडीची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग ठरवतात. स्प्रिंग कडक केल्याने ते सरकणं थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. मियाटाच्या मंडळींनी स्प्रिंग मुद्दाम बेताच्या ठेवल्या आहेत, म्हणजे वजन हळूहळू बाहेर जाताना चालवणाऱ्याच्या पाठीला आणि मांड्यांना कळत राहतं. आमच्याकडून चार-पाच तासांवर टेनेसीच्या सीमेला डील्स गॅप आहे. यूएस १२९ चा तो तुकडा ११ मैलांचा, आणि त्यात ३१८ वळणं मोजतात. वेगमर्यादा ताशी ३० मैल. कायद्याच्या आत राहूनही तिथे ही गाडी बोलते, ते या झुकण्यामुळेच. कडक गाडी त्या वेगाला झोपलेली असते, आणि ती जागी होते तेव्हा बहुधा पोलीसही जागे झालेले असतात.

तरी झुकणं अजिबात नको असणारी माणसं आहेत, आणि ती चूक नाहीत. ट्रॅकवर नेणाऱ्याला ते खरंच नडतं. त्यांच्यासाठी कंपनीने क्लब नावाची आवृत्ती ठेवली होती. मॅन्युअल गिअरच्या क्लबमध्ये बिलस्टाइनचे डॅम्पर आणि लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल येतं. म्हणजे कंपनीनेच आधीपासून दोन उत्तरं दिलेली होती. दिराने मऊ उत्तर विकत घेतलं आणि मग ते बाहेरच्या माणसाकडून कडक करून घ्यायला निघाला.

एका दुकानात (नाव सांगत नाही) त्याने गाडी इंचभर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. दिसायला गाडी झक्कास झाली, हे मान्य. पण रस्त्यावर आली तशी उसळायला लागली. हायवेच्या काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर पाठीत ठोसा. डावीकडे ओढायची. आणि गंमत म्हणजे मागून अजूनही उंचच दिसत होती. दुकानाचं म्हणणं, “स्पोर्ट्स कार अशीच असते.” कॉफीवाल्यांचं म्हणणं, “आता डॅम्परही बदल.” माझी जाऊ त्या गाडीत बसायची बंद झाली.

मी बघायला गेले तेव्हा आधी हवा तपासली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थंड टायरसाठी २९ पीएसआय लिहिलेलं असतं. चारही टायरांत ३८ निघाली. टायरच्या दुकानात दिवसभर मोठाल्या एसयूव्ही येतात, त्या सवयीने हा हलका प्राणीही फुगवला जातो. डॅशबोर्डवरचा दिवा हवा कमी झाली तरच पेटतो, जास्त झाली तर तो काही बोलत नाही. निम्मा ‘कडकपणा’ तिथेच गेला. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीचा आकडा नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवते. आणि हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी बघायची.

खरं दुखणं खाली होतं. सस्पेन्शनच्या प्रत्येक हाताच्या टोकाला रबराचा बुश असतो. हात वर-खाली होताना ते रबर पिळतं आणि परत येतं. गाडी लिफ्टवर उचलली की चाकं लोंबकळतात, हात खाली जातात. अशा अवस्थेत बोल्ट पक्के आवळले तर रबर त्याच जागी पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलंच राहतं. ते गाडीला वर ढकलत राहतं, धक्के कडक करतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना, हे त्या कामाचं पहिलं कलम. ओळखीच्या एका मेकॅनिकच्या चढावावर गाडी चारही चाकांवर उभी करून आम्ही मागचे बोल्ट सैल केले. पहिल्याच बोल्टला ‘टक्’ असा आवाज आला आणि मागचा भाग आमच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली बसला. दीर बघतच राहिला.

बोटभर बसला, आणि आता दुसरी अडचण उघडी पडली. डॅम्परच्या दांड्यावर रबरी ठोकळा असतो, चाक अगदीच वर आलं तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून. मूळ उंचीला त्या ठोकळ्यापर्यंत चाकाला हालायला जागा असते. इंचभर खाली आणलेल्या या गाडीत ती जागा जवळपास संपली होती. म्हणजे भर वळणात एखादा खड्डा आला की स्प्रिंग नव्हे, ठोकळाच वजन पेलतो, आणि तेवढ्यापुरतं चाक रस्ता सोडतं. ज्याला सगळे हँडलिंग म्हणतात ते नेमकं याच क्षणी हवं असतं.

मूळ स्प्रिंगा परत बसवल्या, बोल्ट जमिनीवर आवळले, चारही चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं, हवा २९ केली. दीर एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “झुकते, पण छान झुकते.”

अलाइनमेंटचा विषय निघालाच आहे तर तिसऱ्या पिढीची थोडी बाजू घेते. माझ्दाच्या ताकाओ किजिमा यांच्या तुकडीने ती गाडी ग्रॅम मोजून केली होती, तरी तिला ‘फोपशी’ म्हणण्याची टूम निघाली. ज्यांनी चांगल्या माणसाकडून चारही चाकं नीट लावून घेतली, त्यांतल्या अनेकांना गाडी बदलल्यासारखी वाटली. आजही जुन्या बाजारात ती बदनामीमुळे स्वस्त मिळते, आणि उंच माणसाला चारही पिढ्यांत तीच सर्वांत ऐसपैस आहे. सहा फुटांच्या वरच्या माणसाला मी चौथीच्या आधी ती बसून बघायला सांगते. चौथीच घ्यायची असेल तर २०१९ च्या मॉडेलपासून स्टिअरिंग पुढे-मागे होतं, त्याआधी ते फक्त वर-खाली होत असे. इंजिनही त्याच वर्षी १५५ वरून १८१ अश्वशक्तीचं झालं आणि चर्चा सगळी त्याची झाली. माझ्या मते त्या सरकणाऱ्या स्टिअरिंगने जास्त लोकांचं भलं केलं.

म्हणून कोणाची प्रतिक्रिया ऐकताना आधी तो माणूस बघा. त्याची उंची किती, आधीची गाडी कोणती, टायर कुठले, रस्ता कोणता, आणि त्याने मूळ अवस्थेतली गाडी कधी चालवली आहे का? पहिल्या पिढीतून उतरून चौथीत बसणाऱ्याला विजेवर चालणारं स्टिअरिंग मुकं वाटतं. मोठ्या सेडानमधून येणाऱ्याला तेच टोकदार वाटतं. दोघंही खरंच बोलत असतात. तुम्ही त्या दोघांपैकी कोण, एवढंच तुम्हाला ठरवायचं असतं. “आता वाटतं” असं मनात आलं की चार दिवस गप्प बसा, खिशात हात घालू नका.

आरामाबद्दल मात्र या मंडळींच्या मतांना मी जवळपास शून्य किंमत देते, कारण ती सगळी चालकाच्या सीटवरून आलेली असतात. शेजारच्या सीटवर कोणी बसून बघत नाही. अमेरिकेतल्या, म्हणजे डावीकडे स्टिअरिंग असलेल्या, चौथ्या पिढीत शेजारच्याच्या पायाशी जमिनीला एक उंचवटा आहे. पाय सरळ पसरता येत नाहीत. गुडघ्याजवळ अडकवायचा कपहोल्डर आहे, तो बरोबर गुडघ्याला लागतो (काढून ठेवता येतो, काढाच). समोर ग्लोव्हबॉक्स नाही. दोन सीटांच्या मधे, कोपरांच्या मागे एक कप्पा आहे, त्यासाठी अंग पिळावं लागतं. सीटच्या आत स्प्रिंगांऐवजी जाळी आहे, तिने वजन वाचतं आणि बसणं खाली येतं, पण कमरेचा आधार कमी-जास्त करता येत नाही. माझ्या नवऱ्याला तासाभराने कंबर धरून उतरावं लागायचं. त्याने आता एक लहान उशी कायमची गाडीत ठेवली आहे, आणि वाटेत दर तासाला थांबायचं हा आमचा करार आहे. ब्लू रिज पार्कवेवर त्याचं काही बिघडत नाही. ४६९ मैलांच्या त्या रस्त्यावर थांबायच्या जागा पदोपदी आहेत आणि वेग ४५ च्या वर न्यायचा नसतो. आय-७७ वर टप उघडून बोलायला गेलं तर मात्र भांडल्यासारखं ओरडावं लागतं, टप लावूनही आवाज राहतोच.

तेव्हा चाचणीला जाताना जोडीदाराला घेऊन जा आणि निम्मा वेळ तुम्ही त्याच्या जागी बसा. शोरूमवाला त्याच्या ठरलेल्या गुळगुळीत चौकातून फिरवून आणेल. तुम्ही हायवेचा काँक्रीटचा तुकडा मागा, टप लावून आणि उघडून दोन्ही. तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालवा. निघण्याआधी हवा मोजा, शोरूमच्या गाडीतही ती हमखास भलतीच असते.

पुण्याहूनही कधी कधी विचारणा येते. मियाटा भारतात अधिकृतपणे विकली जात नाही, त्यामुळे तिकडचा प्रश्न असतो जुन्या बीएमडब्ल्यू झेड-४ चा. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांवर रन-फ्लॅट टायर असत. पंक्चर होऊनही थोडं अंतर जाता यावं म्हणून त्यांच्या बाजू कडक केलेल्या असतात. तो कडकपणा थेट पाठीत येतो आणि दोष सस्पेन्शनला दिला जातो. साधे टायर टाकले की गाडी सुधारते, पण मग पंक्चरच्या वेळी पंप आणि डिंकाची बाटली एवढाच आधार उरतो. चौथ्या पिढीच्या मियाटातही स्टेपनी नाही, तिथेही हेच.

२०२२ पासून माझ्दाने चौथ्या पिढीत झुकण्यावर एक उतारा दिला आहे. जोरात वळताना आतल्या मागच्या चाकाला किंचित ब्रेक लागतो आणि मागच्या सस्पेन्शनच्या मांडणीमुळे गाडीचं अंग खाली ओढलं जातं. वजन एक ग्रॅमने वाढत नाही, स्प्रिंगांना हात लागत नाही. कॉफीवाल्यांपैकी काहींचं आता म्हणणं आहे की संगणक मधे मधे करतो.

जुनी गाडी घेणार असाल तर चाकावरची फट बघा. फट नसेल तर स्प्रिंगा बदललेल्या आहेत. काम कोणी केलं, अलाइनमेंटचा छापील कागद आहे का, आणि मूळ स्प्रिंगा कुठे आहेत, हे तीन प्रश्न विचारा. मूळ माल नसेल तर किमतीतून तेवढे पैसे कापून घ्या. आणि स्वतः कधी काही बदललंच, तर काढलेले भाग दुकानात सोडून येऊ नका. दिराच्या स्प्रिंगा त्याच्या गॅरेजमध्ये खोक्यात पडल्या होत्या म्हणून काम एका दिवसात झालं. खोक्यावर पुढची कुठली, मागची कुठली हे मार्करने लिहून ठेवा, त्याने ते लिहिलं नव्हतं.