पिकअपच्या हौद्यातली पेटी: चोराला अवघड, आपल्याला सोपी



आजचा सल्ला पिकाचा नाही, माल नेणाऱ्या गाडीचा आहे. पावसाळा तोंडावर आहे आणि टोमॅटोच्या गाड्या रोज रस्त्यावर असणार, म्हणून आत्ताच वाचून घ्या.

मागच्या हंगामात आपल्या दोन सभासदांचं नुकसान झालं. पहिल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि नवी ताडपत्री हौद्यात उघडीच होती. बाजारात लिलावाला गेला, परत आला तर दोन्ही गायब. दुसऱ्याने हे ऐकून भक्कम लोखंडी पेटी करून घेतली, कुलूपही दणकट लावलं. पण ती केबिनला लागून बसवली आणि झाकण वरून उघडणारं ठेवलं. नारायणगावला जाताना वाटेत पाऊस आला. ताडपत्री पेटीत, आणि पेटीवर क्रेटची थप्पी! भर पावसात क्रेट उतरवून झाकण उघडेपर्यंत माल भिजला आणि भाव पडला.

एकाची वस्तू उघडी होती म्हणून गेली, दुसऱ्याची कुलपात असून वेळेला हाताशी आली नाही. पेटी करताना दोन्ही गोष्टी सांभाळायच्या. त्या कशा, ते पाहू.

*१) आधी क्रेट मोजा, मग पेटी ठरवा*
वेल्डरकडे जाण्याआधी हौदा आतून मोजा आणि आपला क्रेटही मोजा. उदाहरण घेऊ. हौदा २५९ × १६८ सेंमी (साडेआठ × साडेपाच फूट) आणि क्रेट ५४ × ३६ सेंमी. क्रेटची ३६ ची बाजू हौद्याच्या लांबीत ठेवली तर ७ ओळी, रुंदीत ३ क्रेट, म्हणजे एका थरात २१ क्रेट.
यातली एक ओळ सोडली तर ६ ओळींना २१६ सेंमी लागतात आणि ४३ सेंमी उरतात. तिथे ४० सेंमी खोल, १६० सेंमी रुंद पेटी आरामात बसते.

*२) उंची क्रेटइतकीच*
दोन क्रेट एकावर एक ठेवा. वरच्या क्रेटचा तळ जमिनीपासून किती उंच येतो ते मोजा. तेवढीच पेटीची उंची. म्हणजे दुसरा थर पेटीवरूनही सरळ जातो आणि जागा जाते ती फक्त खालच्या थरातल्या ३ क्रेटची. २० किलोच्या हिशेबाने ६० किलो माल.
पेटीच्या वरच्या कडेला पुढून आणि मागून एक इंचाची पट्टी उभी करून घ्या, म्हणजे क्रेट सरकणार नाहीत. वर वजन येणार, म्हणून आतून अँगलचे दोन आडवे आधार हवेतच.

*३) जागा मागे, दार मागच्या बाजूला*
पेटी केबिनकडे नको, मागच्या फाळक्याला लागून बसवा. दार वर नको, मागच्या तोंडाला करा. फाळका लावला की दार झाकलं जातं. चोराला आधी फाळका उघडावा लागेल, मग कुलूप. आपल्याला मात्र एकही क्रेट न हलवता हात घालता येतो.
दाराच्या बिजागऱ्या खाली ठेवा, म्हणजे दार फाळक्याकडे आडवं पडतं.
*सावधान:* भरल्या गाडीचा फाळका उघडण्याआधी मागच्या थप्पीला आडवा पट्टा किंवा दोर आवळलेला आहे ना, हे बघा. क्रेट अंगावर येऊ शकतो.

*४) दोन कप्पे करा*
▪️ डावा कप्पा घाईचा: ताडपत्री, दोर, पट्टे, बॅटरी, हातमोजे. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवल्यावर आपण रहदारीपासून लांब उभे राहतो, म्हणून डावा.
▪️ उजवा कप्पा किमतीचा: काटा, पाने, जॅक. काट्याची ताटली काढून ठेवा, खाली गोणपाटाची जाड घडी द्या.
दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागेल अशी जोडी मागा. एक किल्ली गाडीच्या जुडग्यात, दुसरी घरी. किल्ली भावाकडे आणि गाडी बाजारात, असं व्हायला नको.

*५) वेल्डरला हे सांगा*
▪️ पत्रा १६ गेज, सांगाडा २५ × २५ × ३ मिमी अँगलचा. वरच्या मापाची पेटी साधारण ४० ते ४५ किलोची होते.
▪️ बिजागरीची पिन बाहेरून ठोकून निघता कामा नये.
▪️ कोयंडा वेल्ड केलेला हवा. स्क्रूने बसवलेला कोयंडा पान्याने निघतो, मग कुलूप कितीही भारी असून काय उपयोग?
▪️ पेटी हौद्याला बोल्टने बसवा, नट पेटीच्या आत. म्हणजे दार उघडल्याशिवाय पेटी सुटत नाही.
▪️ तळाच्या चारही कोपऱ्यांत ८ मिमीचं भोक, वर रबरी मॅट. दाराच्या कडेला रबरी पट्टी.
▪️ आधी रेड ऑक्साईड, मग ऑइलपेंट. आतूनसुद्धा.

*६) हे करू नका*
❌ चेसीला भोक किंवा वेल्डिंग नको.
❌ हौद्याची लांबी, उंची वाढवू नका. आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही.
❌ पेटीचं वजन विसरू नका, तेही भारात धरलं जातं. जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये.
❌ कीटकनाशक, डिझेलचा कॅन पेटीत नको. भाजीसोबत एका हौद्यात तर कधीच नको.
❌ रोकड, मूळ कागदपत्रं पेटीत नको. गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवा. हिशेबपट्टी हातात पडली की लगेच फोटो काढा.

*७) शेवटची परीक्षा*
पेटी बसली की गाडी पूर्ण भरा. अंधार पडल्यावर, एकट्याने, मोबाईलच्या उजेडात ताडपत्री काढून बघा. एका मिनिटात हातात आली तर पेटी पास. नाही आली तर वेल्डरचे राहिलेले पैसे देण्याआधी दुरुस्ती करून घ्या.

पेटी करायची असेल त्यांनी हौदा आणि क्रेटची मापं कागदावर लिहून कंपनीच्या कार्यालयात आणावीत. चार-पाच जणांचं काम एकत्र दिलं तर वेल्डरशी दर बोलता येईल. ज्यांनी आधीच पेटी केली आहे, त्यांनी फोटो आणि अनुभव पाठवा. चुकलेलं काय तेही सांगा, दुसऱ्याचा खर्च वाचेल.

गाडी चालवणारा घरातला दुसरा कोणी असेल तर हा निरोप त्याच्याही फोनवर जाऊ द्या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी