लेकरांच्या चालीने: नोकरी करणारी आई आणि न्याय



वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर याकोब आणि एसाव हे भाऊ भेटतात. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर निघू. याकोब त्याला सांगतो की मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या गाई-मेंढ्या आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरून जाईल. मी आपला मुलांच्या चालीने येतो (उत्पत्ती ३३:१३-१४). पुढे तो सुखरूप शखेमला पोहोचतो (३३:१८). चाल मंद होती, तरी प्रवास पूर्ण झाला.

हा उतारा आज घेण्यास कारण आहे. आपल्या धर्मग्रामातील अनेक भगिनी पहाटे डबे भरून, मुलांना आजीकडे किंवा पाळणाघरात सोपवून नोकरीला जातात. मग एक दिवस कंपनीत 'पुनर्रचना' जाहीर होते. दोन विभागांचा एक होतो, पदे घटतात. कंपनीला कधी खर्च कमी करावाच लागतो. प्रत्येक कपात अन्याय नसते. पण कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे हे कोणत्या मापाने ठरले, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

भेदभाव कसा ओळखावा?

१. बाळंतपणाच्या रजेवर असताना पद रद्द होते, पण तेच काम नव्या नावाने दुसऱ्याला दिले जाते.
२. वार्षिक मूल्यमापनात रजेचे महिने 'काम कमी' म्हणून धरले जातात.
३. उशिरापर्यंत थांबणे किंवा दूरची बदली ही अट सर्वांना घातली जाते. कागदावर ती सारखीच असते, पण तिचा भार मुख्यतः लहान मुलांच्या आईवर पडतो.
४. 'मुलांना कोण सांभाळते?' हा प्रश्न फक्त स्त्रियांना विचारला जातो.

यांतील एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर गप्प बसू नये.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात सांगितले की, प्रगतीची किंमत म्हणून स्त्रीला मातृत्व आणि कुटुंब गमवावे लागू नये, अशी कामाची रचना असली पाहिजे. म्हणजे आईने कामाच्या साच्यात कसेबसे बसायचे नाही, साचाच तिला सामावून घेणारा हवा. १९९५ साली स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी खंत व्यक्त केली की, मातृत्वाच्या देणगीबद्दल स्त्रीचा गौरव होण्याऐवजी अनेकदा तिला शिक्षाच मिळते.

कायदा काय सांगतो?

एके काळी एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गर्भारपणातच नोकरी सोडावी लागे. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आता या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. या रजेच्या काळात स्त्रीला कामावरून काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदेशीर आहे. रजेवरून परतल्यानंतरच्या कपातीबाबत मात्र कायदा इतका स्पष्ट बोलत नाही. म्हणून तेथे कागदपत्रे फार महत्त्वाची ठरतात.

काय करावे?

दबाव आला तरी राजीनाम्यावर घाईने सही करू नये. निवडीचे कारण लेखी मागावे. नेमणूकपत्र, रजेचे अर्ज, मूल्यमापनाचे कागद यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. युनियन असल्यास तिच्याशी बोलावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. हक्क मागणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे.

आपल्यापैकी काही जण स्वतः दुकान, कारखाना किंवा कार्यालय चालवतात, काहींच्या हाती इतरांचे मूल्यमापन असते. त्यांच्यासाठी याकोबाचा धडा अधिक मोलाचा आहे. पतीनेही घरातील भार उचलला, तर 'आई असल्यामुळे तिला जमणार नाही' हे वाक्यच दुबळे होईल. आणि न्यायाची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून होते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींची सून किंवा मुलगी आपल्याकडे कामाला असेल आणि ती बाळंत झाली, तर तिचे काम आपण तिच्यासाठी राखून ठेवतो का?

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या कामाच्या ठिकाणी 'चांगला कर्मचारी' कोणत्या मापाने ठरतो?
२. आपल्या विभागात नोकरी गेलेली एखादी आई आहे का? तिला आपण कोणती मदत देऊ शकतो?
३. या आठवड्यात घरातील कोणते एक काम आपण आईकडून आपल्याकडे घेऊ?

प्रार्थना: हे प्रभो, कोवळ्या मुलांना आणि त्यांच्या मातांना मागे टाकून पुढे धावण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. आमच्या घरांना आणि कामाच्या जागांना लेकरांच्या चालीने चालायला शिकव. आमेन.