गिऑनला मुलांना घेऊन जाताना

क्योटोच्या गिऑन वस्तीतली हानामिकोजी गल्ली संध्याकाळीच बघावी, असं जो तो सांगतो. आम्ही नोव्हेंबरअखेर गेलो, तेही रात्री सातला. नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा मुलगा. दिवसभर देवळं पाहून दोघं पेंगुळलेली, पोटात कावळे ओरडत होते. तिथेच कुठेतरी जेवू, हा माझा हिशेब साफ चुकला. बरीच उपाहारगृहं आगाऊ नोंदणीवर चालतात, काही ठिकाणी लहान मुलांना घेतच नाहीत.

दोन दारांवरून परत फिरलो. मुलाने भोकाड पसरलं. बिस्किटांचा पुडा शोधायला मी पिशवीत डोकं घातलं आणि तेवढ्यात लेक बाजूच्या बोळात शिरली. समोरून एक माइको, म्हणजे शिकाऊ गेइको (क्योटोतली गेइशा), लगबगीने येत होती. पायात उंच लाकडी ओकोबो. लेकीने कौतुकाने तिची लोंबती बाही धरली. ती अडखळली, भिंतीला हात टेकून सावरली, किंचित वाकली आणि निघून गेली. ती कामावर निघाली होती. पडली असती तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

पर्यटकांच्या अशाच वागण्याला कंटाळून तिथल्या रहिवाशांनी २०२४ साली खाजगी बोळ पर्यटकांना बंद केले. बोळाच्या तोंडाशी १०,००० येन दंडाची पाटी होती. आम्ही ती वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच पोचलो, मुलांना जेवू घालून. त्या दिवसांत तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, अंधार पडायला वेळ लागत नाही. एकेक कंदील उजळू लागला. त्यांवर गोल टिकल्यांची माळ असते. दांगो या तांदळाच्या गोळ्यांची ती खूण, गिऑन कोबू या इथल्या गेइकोंच्या वस्तीचं चिन्ह. लेक टिकल्या मोजत चालली. गल्लीत टॅक्स्या येतात, म्हणून धाकट्याचा हात मी सोडला नाही. अर्ध्या तासात शिजो रस्त्याच्या टोकाच्या यासाका देवळात गेलो. ते रात्रीही उघडं असतं, अंगणातल्या मंचाभोवती कंदिलांच्या रांगा. तिथे मुलं मोकळी झाली.

शाकाहारी असाल तर दशम्या जवळ ठेवा. तिथे नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा माशाचा अर्क असतो. आणि निघण्यापूर्वी, खोलीवरच, मुलांना शेजारी बसवून सांगा: त्या गल्लीत माणसं राहतात, कामाला जातात. कुणाच्या मागे धावायचं नाही, कुणाच्या कपड्याला हात लावायचा नाही.