जुन्या मोटारीची दूरस्थ खरेदी : ग्रामीण ग्राहकाने घ्यावयाची खबरदारी

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव दक्षिण कोकणची काशी म्हणून सर्वपरिचित आहे. समुद्राच्या लाटांना सामोरे उभे असलेले शिवमंदिर, महाशिवरात्रीची मोठी यात्रा, आणि मागील डोंगरउतारावरच्या हापूसच्या बागा ही या गावाची ओळख. अलीकडच्या काळात येथे पर्यटकांची वर्दळ वाढली असून घरगुती निवासाचा व्यवसाय पुष्कळ कुटुंबांचा जोडधंदा झाला आहे. आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठी, पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी आणि अडीअडचणीला देवगड अथवा कणकवलीचा दवाखाना गाठण्यासाठी चारचाकी गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही.

नवी गाडी परवडत नाही तेव्हा जुन्या गाडीचा विचार होतो. पूर्वी असा व्यवहार ओळखीच्या माणसाशी किंवा ओळखीच्या मिस्त्रीच्या मध्यस्थीने होत असे. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा येथील शेकडो गाड्या छायाचित्रांसह पाहता येतात. ही सोय निःसंशय मोठी आहे. तथापि, या सोयीबरोबरच फसवणुकीचे एक नवे दालन उघडले आहे आणि त्यात एका हंगामाची संपूर्ण कमाई काही मिनिटांत नाहीशी होऊ शकते. म्हणूनच हा विषय ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी समजून घेणे आणि इतरांना समजावून देणे अगत्याचे आहे.

अंतर हेच ठकाचे भांडवल

समजा, कुणकेश्वरच्या एका बागायतदाराने जाहिरातीत एक गाडी पाहिली. बाजारभावाने जिची किंमत साडेतीन लाख व्हावी, ती दोन लाखांत मिळत आहे. विक्रेता सांगतो, ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, गाडी तातडीने विकावयाची आहे.’ तो गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही पाठवितो. गाडी लष्करी वाहतुकीने घरपोच येईल, फक्त वाहतुकीचे पाच हजार आगाऊ भरावे, असे तो म्हणतो. ते भरल्यावर विम्याचे, मग प्रवेशपत्राचे, मग ‘परत मिळणाऱ्या’ अनामतीचे पैसे मागितले जातात. प्रत्येक वेळी आधीची रक्कम बुडू नये म्हणून ग्राहक पुढची भरतो. गाडी मात्र कधीच येत नाही, कारण ती विक्रेत्याची नव्हतीच. छायाचित्रे दुसऱ्याच कुणाच्या जाहिरातीतून उचललेली असतात.

ही रीत देशभर वापरली गेली आहे. सैनिकाविषयी जनमानसात असलेला आदर हेच येथे आमिष होते. कोणताही खरा विक्रेता गाडी दाखविण्यापूर्वी वाहतूक खर्चाची मागणी करीत नाही, एवढे एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी हा सापळा निकामी होतो.

दुसरी रीत अधिक कपटी आहे, कारण तीत गाडीही खरी असते आणि मालकही खरा असतो. ठक एका खऱ्या मालकाशी संपर्क साधून ‘मी गाडी घेतो, माझा भाऊ पाहायला येईल, त्याच्याशी किमतीचे बोलू नका’ असे सांगतो. तीच गाडी तो कमी किमतीत जाहीर करून ग्राहकाला सांगतो, ‘गाडी माझ्या नातलगाकडे आहे, जाऊन पाहा, पैशाची बोलणी मात्र माझ्याशीच करा.’ ग्राहक गाडी पाहतो, समाधान पावतो आणि ठकाच्या खात्यात पैसे भरतो. मालकाला एक पैसाही मिळालेला नसतो, म्हणून तो गाडी देत नाही. दोघेही प्रामाणिक, आणि दोघेही एकमेकांना लबाड समजतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘किंमत किती आणि पैसे कोणाच्या खात्यात द्यावयाचे’ हा साधा प्रश्न विचारला असता, तर सारा डाव तेथेच उघडा पडला असता.

तिसरी रीत जुनी गाडी विकणाऱ्यास लक्ष्य करते. खरेदीदार म्हणविणारा मनुष्य ‘विसार पाठवितो’ म्हणून एक क्यूआर संकेतचित्र पाठवितो आणि ते टिपून गुप्त क्रमांक भरावयास सांगतो. यूपीआय पद्धतीत गुप्त क्रमांक हा पैसे देण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. गुप्त क्रमांक भरला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, हे घरातील प्रत्येकास पाठ असावयास हवे.

आधी गाडी, मग पैसा

दूरच्या शहरातील गाडी पाहावयास जाणे खर्चाचे वाटते आणि तेथेच ग्राहक आगाऊ रकमेच्या मोहात पडतो. परंतु कोकणातील गावांपाशी एक मोठे बळ आहे. बहुतेक प्रत्येक घरातील एखादा चाकरमानी मुंबईस अथवा पुण्यास असतोच. त्याने एखाद्या जाणत्या मिस्त्रीसह जाऊन दिवसाउजेडी, विक्रेत्याच्या राहत्या घरी गाडी पाहावी. चार-दोन तासांच्या या खटपटीने जे वाचते ते मोठे असते. आपले माणूस पाठविणे शक्य नसेल तर ती गाडी आपल्यासाठी नाही, असे समजावे.

गाडी पाहताना पुराच्या पाण्यात बुडालेल्या वाहनांविषयी विशेष दक्षता हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे आलेल्या महापुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी वाहने धुऊन-पुसून, रंग देऊन विक्रीस आणता येतात. बसक्यांखालील सतरंजी उचलून पाहिल्यास गाळ आढळतो, बसक्यांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज दिसतो, दिव्यांच्या काचेआड बाष्प साठलेले असते आणि कुबट वास येतो. पाणी शिरलेली विद्युत जोडणी काही महिन्यांनी दगा देते. समुद्रकाठी वापरलेल्या गाडीचा तळ खारट हवेने गंजलेला असू शकतो, म्हणून ती वर उचलून पाहणे इष्ट.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. तेव्हा त्यावर विसंबून न राहता पायपट्ट्यांची झीज, सुकाणूचा गुळगुळीतपणा आणि अधिकृत सेवाकेंद्रातील दुरुस्तीच्या नोंदी यांचा मेळ घालावा.

कागद काय बोलतात

नोंदणी प्रमाणपत्राची केवळ छायाप्रत पाहून समाधान मानू नये. गाडीवर कोरलेले चासी व इंजिन क्रमांक मूळ प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावेत. खाडाखोड अथवा घासल्याची खूण दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन उपयोजकावर वाहन क्रमांक घातल्यास नोंदणीचे कार्यालय, वाहनाचा वर्ग, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत इत्यादी माहिती मिळते. दंडाच्या थकलेल्या ई-चलनांचीही पाहणी करावी.

प्रमाणपत्रावर बँकेच्या अथवा वित्तसंस्थेच्या तारणाची नोंद असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि वित्तसंस्थेच्या सहीचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खासगी वाहनाची नोंदणी मुळात १५ वर्षांपुरती असते, त्यानंतर ती नूतनीकरण करून घ्यावी लागते. ‘स्वस्त’ गाडीची ही मुदत किती उरली आहे, हे आधी पाहावे.

गोवा जवळ असल्याने तेथील गाड्यांचे आकर्षण सिंधुदुर्गात स्वाभाविक आहे. परंतु परराज्यातील वाहनासाठी तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्रातील करही भरावा लागतो. हा खर्च मिळविल्यावर स्वस्ताई उरते की नाही, याचा हिशेब करावा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेले वाहन हे भाड्याने देण्यासाठी नोंदलेले असते, ते जसेच्या तसे खासगी वाहन म्हणून घेता येत नाही.

या साऱ्याचे सार एका सूत्रात सांगता येईल : नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव, विक्रेत्याच्या ओळखपत्रावरील नाव आणि ज्या खात्यात पैसे भरावयाचे त्या खात्यावरील नाव ही तिन्ही एकच असली पाहिजेत. त्यांतील एक जरी वेगळे असेल, तरी पैसे देऊ नयेत.

व्यवसायी विक्रेत्यांकडून गाडी घेताना त्यांच्याकडे परिवहन प्राधिकाऱ्याचे प्राधिकारपत्र आहे काय, हे विचारावे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेले यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

नाव बदलले तरच मालकी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार, राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. कुणकेश्वरच्या खरेदीदारासाठी हे कार्यालय सिंधुदुर्गनगरी येथील होय. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावा.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी देऊन टाकण्याची प्रथा विक्रेत्यालाच घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात असे स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतील मालकच जबाबदार धरला जाईल. गावातून बाहेर गेलेली गाडी परजिल्ह्यात कोणास धडकली, तर नोटीस मात्र गावातल्याच घरी येईल.

फसवणूक झालीच तर

फसवणुकीनंतरचा पहिला तास अत्यंत मोलाचा असतो. ठकाने पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविण्यापूर्वी ते अडविता आले तरच परत मिळण्याची आशा राहते. यासाठी १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, बँकेस कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. व्यवहार क्रमांक, संभाषणे, जाहिरात व ठकाचे दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही पुसून टाकू नये. त्यानंतर पोलीस ठाण्यात जावे. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असलेला गुन्हा आहे. मात्र येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक भरून पाठविलेल्या पैशाची भरपाई बँकेकडून मिळेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणूनच सावधगिरी हाच खरा विमा होय.

तक्रारीच्या आड येते ती बहुधा लाज. ‘शिकलासवरलेला असून फसला’ असे लोक म्हणतील, या भीतीने मनुष्य दोन दिवस गप्प राहतो, आणि ठकाला नेमके तेच दोन दिवस हवे असतात. फसलेल्याची थट्टा करणारे गाव नकळत ठकाला साहाय्य करते, हे विसरून चालणार नाही.

गावाचे कर्तव्य

या कामी ग्रामपंचायतींना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. ग्रामसभेत या विषयासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. ‘१९३०’ हा क्रमांक आणि ‘तीन नावे एक’ हे सूत्र सूचनाफलकावर ठळक लिहावे. महाशिवरात्रीच्या यात्रेत पंचक्रोशीतील व बाहेरगावचे हजारो लोक कुणकेश्वरास येतात, तेथे एक साधा फलकही मोठे काम करील. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून एखाद्या वाहनाची माहिती शासकीय संकेतस्थळावर पाहण्याचा पाठ करवून घ्यावा. घरातील भ्रमणध्वनी बहुधा मुलेच सराईतपणे हाताळतात, तेव्हा हा पाठ त्यांच्यामार्फत वडीलधाऱ्यांपर्यंत आपोआप पोहोचेल. ग्रामपंचायत अधिकारी व सेवाकेंद्राचे चालक यांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावयास येणाऱ्याची कागदपत्रे पाहून दिली, तर अनेक व्यवहार वेळीच थांबतील.

कोकणातील माणूस आंब्याची पेटी घेतानाही वरच्या थरावर न भुलता खालचा थर उघडून पाहतो. तीच चिकित्सा पडद्यावरील गाडीस लावली, तर विज्ञानाने दिलेली ही सोय गावाच्या उपयोगी पडेल आणि हंगामाची कमाई घरातच राहील.