पावसाचे पाणी कोठे जाते?

मुलांनो, जोराचा पाऊस आला की तुमच्या गल्लीत पाणी साचते का? हे पाणी जाते तरी कोठे?

शहरात जमिनीखाली दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. घरातील मैला व सांडपाणी मलवाहिनीतून जाते. पावसाचे पाणी पर्जन्यजलवाहिनीतून नाल्यात जाते आणि मुंबईत तेथून खाडीत किंवा समुद्रात जाते.

मुंबईच्या जुन्या वाहिन्या इंग्रजांच्या काळातील आहेत. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढेच पाणी त्या वाहून नेत. तेही ओहोटी असताना! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यात भरती आली. शेकडो माणसे मरण पावली.

म्हणून तासाला ५० मिलिमीटर पाऊस पेलण्यासाठी महानगरपालिकेने वाहिन्या व नाले मोठे करण्याचे काम वेगाने हाती घेतले. हाजी अली, इर्ला अशा ठिकाणी मोठे पंप बसवले. भरतीच्या वेळी हे पंप पाणी समुद्रात ढकलतात.

पण नाल्यात कचरा टाकला, तर मोठी वाहिनीही तुंबते. पाणी लवकर जावे म्हणून मॅनहोलचे झाकण कधीही उघडू नका. साचलेल्या पाण्यात उघडे मॅनहोल दिसत नाही. त्यात माणसाचा जीव जातो.