होट्टलला येण्याआधी

देगलूर

चि. सायलीस,


तुझा कार्यक्रम व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. मामीला वाचून दाखवला. पहिल्या दिवशी कंधार, मुखेड, होट्टल. दुसऱ्या दिवशी खरोसा, निलंगा, औसा. आणि रात्री लातूरहून रेल्वेनं मुंबई. मामी म्हणाली, "पोरगी फिरायला येतीय का वसुलीला?"

मला तुझं जुनं पत्र आठवलं. कार्डिफला शिकत होतीस तेव्हा वेल्समधल्या कुठल्याशा खेड्यात दोन दिवस राहून आलीस आणि मला चार पानं लिहिलीस. चर्चच्या आवारातलं जुनं यू झाड, पावसात भिजलेली मेंढरं, दुकानदार म्हातारा. गावाच्या नावातला 'लान' म्हणजे चर्चभोवतीची कुंपणाची जागा, हे तू त्या म्हाताऱ्याला विचारून घेतलंस. पाट्यांवर वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषा, याचं तुला केवढं अप्रूप! पत्र मी जपून ठेवलंय. म्हणूनच लिहितो: त्या गावाला तू दोन दिवस दिलेस, होट्टलला पावणेदोन तास दिले आहेस, तेही चहा धरून.

पहिलं काम, बाकीची पाच नावं खोडून टाक. कंधारचा किल्ला पळून जात नाही. खरोशाची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत, तो दगड झिजतोय हे खरं, पण तू पुढच्या दिवाळीला येईपर्यंत टिकेल. यावेळी फक्त होट्टल. नांदेडहून देगलूर साधारण ८० किलोमीटर. एस.टी.नं ये, नायगाव-नरसीवरून. ही नरसी नामदेवांची नव्हे बरं का, ती हिंगोलीकडची. तुझ्या बाबांनी लग्नाआधी इथंच उतरून नामदेवांचं देऊळ शोधलं होतं. देगलूरला आमच्याकडं मुक्काम कर, आणि सकाळी उजाडायच्या आत निघ. होट्टल इथून आठ-दहा किलोमीटर. गाडीची सोय मी करतो, पण मी बरोबर येणार नाही. मी आलो की लोक माझ्याशी बोलतील, 'गुरुजी, गुरुजी' करत चहाला बसवतील, आणि तू भिंतीकडं तोंड करून फोटो काढत बसशील.

गावाच्या नावापासून सुरुवात कर, वेल्समध्ये केलीस तशी. जुन्या शिलालेखांत हे पोट्टलनगरी आहे. कानडीत जुन्या शब्दांच्या सुरुवातीचा 'प' पुढं 'ह' झाला. दूध म्हणजे 'पाल', त्याचं 'हालु' झालं. वाघ म्हणजे 'पुलि', त्याचं 'हुलि' झालं. तसंच पोट्टलचं होट्टल. गाव आज मराठी बोलतं, पण नावावर कानडी जिभेची खूण तशीच राहिली आहे. देगलूरच्या बाजारात तासभर उभी राहा. एकाच दुकानात गिऱ्हाईक मराठीत भाव विचारतं, दुकानदार तेलुगूत नोकराला सांगतो, शेजारचा दखनीत मध्येच बोलतो, आणि हिशोब चुकत नाही. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं, तरी त्यांचा पाढा मरेपर्यंत उर्दूतच चालायचा. इथं पाट्या मराठीतच दिसतील. बाकीच्या भाषा कानांनी वाचाव्या लागतात.

होट्टलचं सिद्धेश्वराचं देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकातलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, इथून फार लांब नाही. तिथं सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ राज्य करत होता. त्याच्याच दरबारी विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' लिहिली. मुलाला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच वाटा, हे त्यातलं सूत्र कोर्टांनी पुढं शेकडो वर्षांनीसुद्धा धरलं. मुलींना तोच हक्क देशभर मिळायला २००५ उजाडावं लागलं. तुझ्या आईनं त्याआधीच हक्कसोडपत्रावर सही केली होती, आणि आम्ही दोघा भावांनी ती करू दिली. हे पत्रात लिहायचं नव्हतं, पण विज्ञानेश्वर आला की ते येतंच.

गावात कुणीही तुला सांगेल की देऊळ हेमाडपंती आहे. आमच्याकडं चुन्याशिवाय बांधलेलं प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंतीच असतं. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या आधीचं. तरी लगेच दुरुस्ती करू नकोस. "असं का म्हणतात?" एवढंच विचार. मी तरुणपणी एका म्हाताऱ्याला पारावर, चार माणसांत, असा दुरुस्त केला होता. नंतर तो माझ्याशी देवळाविषयी एक शब्द बोलला नाही, आणि त्याला जे माहीत होतं ते त्याच्याबरोबर गेलं. येण्याआधी गो. बं. देगलूरकरांचं मंदिरांवरचं काही तरी वाचून ये. आडनाव बघ, घराणं कुठलं ते कळेल. मूर्ती कशी वाचायची हे त्यांच्यासारखं मराठीत फार थोड्यांनी शिकवलंय.

सिद्धेश्वराच्या देवळाशी पोचलीस की आधी आत जाऊ नकोस. बाहेरून एक फेरी मार, मोबाईल पिशवीत ठेवून. दगड काळा, आणि काळ्या दगडाला दुपारचं ऊन मानवत नाही. डोक्यावरचं ऊन सगळं सपाट करून टाकतं. सकाळी ऊन तिरपं येतं, तेव्हा बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींच्या कमरेखालची सावली सरकायला लागते, दागिन्यांचा एकेक मणी सुटा दिसतो. तासाभरात तीच बाई निराळी दिसेल. त्याच ठिकाणी उभी राहून बघ, हलू नकोस. आपल्याकडच्या लोकांना हे जड जातं. आपल्याला एका मूर्तीपुढं दोन मिनिटं झाली की पुढच्या मूर्तीची काळजी लागते. आत मंडपातले खांब हाताने घासून बघावेसे वाटतील. घासू नकोस. चरकावर धरून कातल्यासारखे ते गोल आहेत, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांच्या हाताचं तेल त्यांवर बसलंय. तुझी वही काढ आणि पावलं मोजून देवळाचा आराखडा काढ. चुकेल. परत मोज. दुसऱ्या मोजणीत तुला कळेल की भिंत सरळ नाही, कोनाकोनांनी मागं-पुढं सरकत गेलीय, आणि सगळी सावली त्या कोनांतून तयार होते.

दुपारी बारानंतर देवळाकडं पाठ फिरव. गावात जा. कुणी भाकरी खायला बोलावलं तर एकदा नको म्हण, दुसऱ्यांदा बस. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कारळाची चटणी. वाढणारीला पैसे देऊ नकोस, घरात लेकरू असेल तर त्याच्यासाठी वही-पेन घेऊन जा. हुरड्याचे दिवस असतील तर शेतात नेतील. तिथं गेलीस की संध्याकाळ झालीच समज. होऊ दे. मावळतीचं ऊन देवळाच्या दुसऱ्या अंगाला पडतं, ती बाजू सकाळी तुला उन्हात दिसलेलीच नसते.

निलंगा-औशाच्या बाजूला कधी गेलीस तर किल्लारीलाही जाशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी घरं माणसांवर बसली. हजारो माणसं गेली. आम्ही काही मास्तर आठवड्यानं मदतीला गेलो होतो. एका घराच्या जागी फक्त चौकट उभी होती, तोरणासकट. जुन्या गावच्या त्या जागेचा फोटो काढू नकोस. कुणी आपणहून बोललं तर ऐक, आपणहून विचारू नकोस.

आता फोटोचं. १९९६ साली मी एका पाहुण्याला होट्टलला नेलं होतं. देवळाच्या जोत्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पाहुण्यानं तिचा फोटो काढला, "पाठवून देतो आजी" म्हणाला. तिनं पदर सारखा केला, दोनदा काढायला लावला. पुढं दरवेळी मी गेलो की ती विचारायची, "मास्तर, माजा फोटू?" मी म्हणायचो, येईल. नऊ वर्षं म्हणत होतो. मग ती विचारायची थांबली, कारण ती राहिली नाही. तिची सून आता त्याच जोत्याजवळ बसते, आणि तिच्याकडं सासूचा एकही फोटो नाही. तू ज्यांचे ज्यांचे फोटो काढशील त्यांचे देगलूरलाच प्रिंट काढून, दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दे. म्हणूनही तुला दोन दिवस लागतील.

आणि तो पाहुणा म्हणजे तुझ्या बाबांचा मित्र, ठाण्याचा. बाबांना सांग, त्याला फोन कर म्हणावं. जुने रोल माणसं सहसा टाकत नाहीत, माळ्यावर कुठल्या तरी डब्यात असतील. सापडला तर येताना घेऊन ये.

तुझा,
मामा