‘रोड’ हा शब्द कसा योजावा?

डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा भरते. यात्रेसाठी मुंबईहून निघालेल्या एका पाहुण्याने आपल्या यजमानास एवढाच निरोप धाडला आहे, असे समजा: ‘सकाळी नऊ वाजता रोडवर उतरतो. न्यावयास या.’ मुंबई-अहमदाबाद महामार्ग गावाजवळूनच जात असल्यामुळे यजमान चारोटी नाक्यावर जाऊन उभा राहतो. पाहुणा मात्र आगगाडीने आलेला असून डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावर वाट पाहत बसला आहे. दोघांमध्ये कित्येक मैलांचे अंतर! ‘डहाणू रोडला उतरतो’ असे लिहिले असते तर दोघांचीही पायपीट वाचली असती.

विद्यार्थ्यांनो, येथे केवळ ‘डहाणू’ हे नाव गळले एवढेच नाही. ‘ला’च्या जागी ‘वर’ आला, हेही पाहा. ‘रोडवर खड्डे पडले आहेत’ या वाक्यात रोड म्हणजे पायांखालची सडक. ‘आम्ही मुंबईहून रोडने आलो’ यात रोड हे प्रवासाचे साधन झाले; आगगाडीने नव्हे, मोटारीने आलो, असा त्याचा अर्थ. पण ‘नाशिक रोडला नोटा छापतात’ या वाक्यात रोड हे एका वस्तीचे नाव आहे. तेथे सरकारी छापखाने आहेत. हेच वाक्य ‘नाशिकच्या रोडवर नोटा छापतात’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग पिशवी घेऊन धावेल!

प्रत्ययाप्रमाणे लिंगही पालटते. ‘रोड संपला’, ‘रोड अरुंद झाला’ असे आपण म्हणतो, म्हणजे तो शब्द पुल्लिंगी मानतो; कारण ‘रस्ता’ हा शब्द पुल्लिंगी आहे. गाडी स्थानकात शिरली की मात्र ‘डहाणू रोड आले’ असे म्हणतो. गाव किंवा स्थानक मनात असल्यामुळे तेथे नपुंसकलिंग येते. हा फरक तुम्हांला कोणी शिकविला नव्हता, तरी तो तुम्ही लहानपणापासून बिनचूक पाळीत आला आहात.

आता स्थानकांच्या नावांतील हा ‘रोड’ आला कोठून? मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. वसई, केळवे, डहाणू ही जुनी गावे समुद्राकाठची. लोहमार्ग गेला त्यांच्या पूर्वेकडून. अशा वेळी स्थानकास गावाचे नाव देऊन पुढे ‘रोड’ जोडण्याची रीत होती. येथे उतरा आणि या रस्त्याने गावात जा, असा त्याचा भाव. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड ही नावे अशी पडली. पुढे स्थानकांभोवती बाजारपेठा वाढल्या आणि डहाणू रोड ही स्वतंत्र वस्ती झाली. टपालखात्याच्या लेखीही ती दोन ठिकाणे आहेत: डहाणूचा पिन क्रमांक ४०१६०१, तर डहाणू रोडचा ४०१६०२. पत्त्यातून ‘रोड’ गाळणे हे आपले नाव अर्धे लिहिण्यासारखेच होय.

याच पश्चिम रेल्वेवर मुंबईत ग्रँट रोड नावाचे स्थानक आहे. ते मात्र या कुळातले नव्हे. ते ग्रँट नावाच्या कोणत्याही गावावरून पडलेले नाही. सर रॉबर्ट ग्रँट हे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव एका रस्त्यास मिळाले आणि रस्त्याचे नाव स्थानकास. आज त्या रस्त्यास मौलाना शौकत अली मार्ग म्हणतात. स्थानक मात्र अद्याप ग्रँट रोडच आहे.

इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. घोड्यावरून जाणे या अर्थाच्या ‘राइड’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. जहाज नांगर टाकून लाटांवर हेलकावत राहते, त्यालाही इंग्रज ‘राइड’च म्हणतो. म्हणून बंदराबाहेर जहाजे नांगरण्याची जी उघडी पण काहीशी सुरक्षित जागा असते, तिलाही इंग्रजीत ‘रोड’ म्हणतात, बहुधा अनेकवचनी. रस्ता शोधणारा मनुष्य तेथे पोहोचला, तर बुडेल!

‘रस्ता’ असताना ‘रोड’ कशाला, असे काही जण रागाने विचारतात. मला स्वतःला ‘वाट’ हा शब्द सर्वांत गोड वाटतो. पण ‘रस्ता’ तरी कोठे आपल्या घरचा आहे? तोही फारसीतून आला आणि येथेच मुरला. सडकेसाठी ‘रस्ता’ म्हणावे हे ठीक. परंतु ‘डहाणू रस्त्याचे तिकीट द्या’ असे म्हणाल, तर तिकीटखिडकीवरील कारकून तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. विशेषनामाचे भाषांतर करू नये.

शिवाय मराठीत ‘रोड’ असा एक अस्सल जुना शब्द आहेच. त्याचा अर्थ कृश, हडकुळा. ‘रोडावणे’ हे क्रियापद त्यावरूनच झाले. हे विशेषण अविकारी आहे: रोड मुलगा, रोड मुलगी, रोड वासरू. तेव्हा ‘रोडवर एक रोड बैल उभा होता’ या वाक्यात द्विरुक्ती मुळीच नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्यांत ‘रोड’ या शब्दाचा अर्थ कोणता, ते सांगा व तो कशावरून ओळखला तेही लिहा: ‘तापाने ती फार रोड झाली.’ ‘वसई रोड आले, सामान उचला.’ ‘पावसाने गावाचा रोड वाहून गेला.’ ‘माल रोडने पाठवू की आगगाडीने?’

आरंभी दिलेला पाहुण्याचा निरोप यजमानाचा घोटाळा होणार नाही अशा रीतीने पुन्हा लिहा. शब्द बारापेक्षा अधिक नसावेत.